मुलीला मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय, ६० हजारांत लॅपटॉप कोणता घ्यावा? (नाशिक)

पिंपळगावची_आई

नमस्कार. आम्ही पिंपळगाव बसवंतला राहतो. माझ्या मुलीला कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत आडगावच्या बाजूच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला सीट मिळाली. आमच्या दोन्ही घरांत इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच. होस्टेलला ठेवणार नाही, रोज एसटीने जाऊन-येऊन करेल.

२०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला मुलींचं शिक्षण शुल्क माफ झालंय, त्यामुळे फीचं ओझं बरंच उतरलं. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की लॅपटॉप तरी तिला नीट घेऊन द्यायचा. द्राक्षाच्या पैशातले ५० हजार बाजूला काढून ठेवलेत, १० हजार बचत गटातून उचलता येतील. त्याच्या वर जमणार नाही.

आता तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. पुण्यातला भाचा म्हणतो मॅकबुकच घ्या, दहा वर्षं बघायला नको. कॅनडा कॉर्नरला एका दुकानात गेलो, तिथे ७८ हजारांचा गेमिंग लॅपटॉप पुढे केला, ग्राफिक्स कार्डाशिवाय मेकॅनिकल होतच नाही म्हणाले, हप्ते पाडून देतो म्हणाले. शेजारचे सर म्हणतात पहिल्या वर्षी काही लागत नाही, ३५ हजारांचा बास झाला. मुलगी काहीच बोलत नाही. पैसे कुठून येतात हे तिला माहीत आहे, म्हणून ती स्वस्तातल्याला हो म्हणेल आणि पुढे चार वर्षं कुणाला न सांगता त्याच्याशी झटत बसेल. तेवढंच मला नकोय.

ग्राफिक्स कार्ड लागतंच का? रॅम ८ की १६? आणि जुना घ्यावा का? कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

बीई_मेक_सिन्नर

काकू, आधी मुलीचं अभिनंदन सांगा! मी यंदाच नाशिकमधून बीई मेकॅनिकल झाले, आणि मीही रोज सिन्नरहून जाऊन-येऊनच केलं. माझा २०१९ चा पॅटर्न (विद्यापीठाचा अभ्यासक्रम) होता, तिला २०२४ चा असेल. विषयांची नावं पुढेमागे होतील, पण कामाचा प्रकार तोच.

पहिल्या वर्षी छोटे प्रोग्रॅम, असाइनमेंट आणि पीपीटी, एवढंच. सरांचं तिथपर्यंत बरोबर आहे. खरी गरज लागली एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षी, सॉलिड मॉडेलिंग अँड ड्राफ्टिंग सुरू झालं तेव्हा. मग टीईला, तिसऱ्या वर्षी, कॉम्प्युटर एडेड इंजिनिअरिंग आणि बीईला, शेवटच्या वर्षी, प्रोजेक्ट. माझा लॅपटॉप ८ जीबीचा होता. एकेक पार्ट काढताना काही वाटायचं नाही. पण गिअरबॉक्सच्या असेंब्लीत (सगळे पार्ट जोडलेल्या ड्रॉइंगमध्ये) चाळीसेक पार्ट झाले आणि शेजारी क्रोम उघडं असलं की माउस हलवल्यावर दोन सेकंदांनी बाण हलायचा. रॅम वाढवायला गेले तर कळलं की ती बोर्डावरच चिकटवलेली आहे, वाढतच नाही. शेवटचं सबमिशन मी मैत्रिणीच्या खोलीवर, ती झोपल्यावर तिच्या लॅपटॉपवर केलंय.

मॅकबुक मेकॅनिकलला घेऊ नका. सॉलिडवर्क्स, कॅटिया, अ‍ॅन्सिस या आपल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरपैकी काहीही मॅकवर चालत नाही. तुमचा भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा असेल तर त्याच्यासाठी ठीक आहे.

आणि एक, सॉफ्टवेअरसाठी पैसे धरू नका. ऑटोकॅड, फ्यूजन, इन्व्हेंटर हे कॉलेजच्या ओळखपत्रावर फुकट मिळतं, दरवर्षी परत अर्ज करायचा. अ‍ॅन्सिसची विद्यार्थी आवृत्तीही फुकट आहे. सीनियर पेन ड्राइव्हमधून क्रॅक केलेलं आणून देतील, ते तिने घेऊ नये. त्यापायी आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या सगळ्या फाइली लॉक झाल्या, प्रोजेक्ट रिपोर्टसकट.

दुरुस्ती_सिडको

ताई, मी चौदा वर्षं सिडकोत लॅपटॉप दुरुस्त करतोय. विक्री करत नाही, फक्त दुरुस्ती. दुकानात तुम्ही बघता तो लॅपटॉप पहिल्या दिवसाचा असतो, माझ्या टेबलावर येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा. मुलीचं शिक्षण चार वर्षांचं आहे, म्हणून मी शेवटाकडून मागे येत सांगतो.

कॉलेजच्या मुलांची सगळ्यात जास्त मशीन माझ्याकडे येतात ती बिजागरीसाठी. स्क्रीनची बिजागरी लोखंडी असते आणि ती खालच्या प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळी नटांवर स्क्रूने धरलेली असते. नट केवढा, तर ज्वारीच्या दाण्याएवढा. मुलं झाकण उजव्या कोपऱ्याला धरून उघडतात, मग सगळा ताण त्या एका बाजूच्या दोन-तीन नटांवर येतो. वर्ष-दीड वर्षात नट प्लास्टिकसकट उपटून येतो. बाहेरून नुसती फट दिसते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पुढे झाकण मिटताना सुटलेली बिजागरी वर उचलते आणि स्क्रीनची कड दाबते. फट पडल्या दिवशी आणलं तर मी नवे नट बसवून एपॉक्सी भरतो, काही शेकड्यांत भागतं. महिन्याभराने आणलं तर पॅनेल गेलेलं असतं, मग पाच-सहा हजारांशिवाय काम होत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर आकडे वाचायच्या आधी हे करा. लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकण मध्यभागी एका हाताने उघडा. खालचा भाग सोबत उचलला जात असेल तर बिजागरी फार घट्ट आहे. कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबा, खोल दबला तर सांगाडा कच्चा आहे. दुकानदाराला राग येणार नाही, आणि आला तर दुकानं पुष्कळ आहेत.

दुसरं रॅमचं. वरच्या ताईने सांगितलं ते अगदी खरं आहे आणि तसे लोक माझ्याकडे दर आठवड्याला येतात. मला त्यांना परत पाठवावं लागतं, फार वाईट वाटतं. हे विकत घेण्याआधी एका मिनिटात कळतं. शोकेसमधला पीस चालू करायला सांगा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेलं असतं, तिथे २ पैकी १ दिसलं तर एक जागा मोकळी आहे. त्याच्याखाली ‘फॉर्म फॅक्टर’ असतो. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅम काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावर झाळलेली आहे, जेवढी आहे तेवढीच आयुष्यभर. माहितीपत्रकावर एलपीडीडीआर५ लिहिलं असेल तरी तेच समजा.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो, ८ जीबीचा घ्या, दोन वर्षांनी दोन हजारांत ८ वाढवून देतो. आता तसं सांगत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की गिऱ्हाइकाला आकडा सांगताना माझीच जीभ अडखळते. मोठ्या कंपन्यांच्या एआयच्या सर्व्हरना मेमरी लागते, कारखाने तिकडे वळलेत, त्याची झळ पिंपळगावपर्यंत आली. तेव्हा सुरुवातीलाच १६ घ्या. शक्यतो ८-८ च्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) असलेला. एकच स्टिक असली की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बरंच मंदावतं, आणि तुम्ही वेगळं कार्ड घेणार नसाल तर तेच ग्राफिक्स तिच्या कामाचं आहे.

प्रोसेसरच्या स्टिकरवर जाऊ नका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावं शेजारी ठेवली तर कुणालाही सारखीच वाटतील. पहिला ७ हा नुसता वर्षाचा आकडा आहे. तिसरा आकडा बघायचा. २ असेल तर आतली रचना २०१९ सालची, कोअर (आतले काम करणारे भाग) चार. ३ असेल तर एक पिढी पुढची, कोअर सहा. आणि ७५२०यू सोबत रॅम नेहमी झाळलेलीच येते. ‘रायझन ५ आहे, १६ जीबी आहे, स्वस्त आहे’ म्हणून दुकानात दाखवतात ते पुष्कळदा हेच असतं. इंटेलमध्ये आय-फाइव्ह घेताना नावाच्या शेवटी यू आहे की एच ते बघा. एच जास्त वीज खातो, बॅटरी थोडी लवकर उतरते, पण ड्रॉइंगचं काम दमदारपणे करतो. मेकॅनिकलला मी एचकडे झुकेन.

ग्राफिक्स कार्ड. तिच्या अभ्यासक्रमापुरतं लागत नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. अ‍ॅन्सिसच्या विद्यार्थी आवृत्तीत मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले तुकडे) किती बारीक करता येईल याला मर्यादाच घातलेली आहे. ती मर्यादा १६ जीबीत आणि चांगल्या प्रोसेसरवर आरामात बसते. आणि गेमिंग लॅपटॉपचं वजन बघा: मशीन सव्वादोन-अडीच किलो, अ‍ॅडॉप्टर अर्धा किलोच्या वर. वर डबा, पाणी, जर्नल. सकाळच्या गाडीत उभ्याने पिंपळगाव ते आडगाव. दीड-पावणेदोन किलोच्या आत राहा, आणि चार्जर टाइप-सी असेल तर उत्तम, विसरला तर वर्गात तेवढ्याच वॅटचा कुणाचाही चालतो.

स्क्रीनबद्दल थोडक्यात: आयपीएस (कडेने बघितलं तरी नीट दिसते ती), आणि उजेड ३०० निटच्या आसपास. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर रंग फिके दिसतात. पण ६० हजारांत सगळंच मिळत नाही, तडजोड करायची वेळ आली तर ती रंगात करा, रॅममध्ये नको.

अंबड_टूलरूम

दादांचं बहुतेक पटलं, ग्राफिक्स कार्डाचं नाही. मी अंबड एमआयडीसीत प्रेस टूल डिझाइन करतो, अकरा वर्षं झाली. मॉडेलिंग बहुतांशी एकाच कोअरवर चालतं, तिथे कार्डाचा उपयोग कमी, हे मान्य. पण दोनशे-तीनशे पार्टची असेंब्ली फिरवताना, सेक्शन घेताना, रेंडर काढताना कार्ड असलेलं आणि नसलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलगी बाहा किंवा सुप्रासारख्या, मुलांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धेच्या टीममध्ये गेली तर अख्खी गाडी एका फाइलमध्ये असते. नोकरीच्या मुलाखतीत मी मुलांना विचारतो की स्वतः काय बनवलंस. तेव्हा ज्यांनी घरी बसून मोठं काहीतरी केलंय ती मुलं लगेच ओळखू येतात. ६ जीबीचं कार्ड असलेला लॅपटॉप थोडे जास्त पैसे घालून मिळत असेल तर मी घेईन.

दुरुस्ती_सिडको

साहेब, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण ताईंनी स्वच्छ सांगितलंय की ६० च्या वर एक पैसा नाही. त्या पैशात कार्ड बसवायचं तर कंपनी दुसरीकडे कापते. रॅम ८ वर येते, बॅटरी लहान होते, बॉडी कच्ची येते. आणि टीममध्ये गेली तर गाडीची मोठी फाइल टीमच्या किंवा लॅबच्या मशीनवर उघडतात, तिने सस्पेन्शनचा भाग घरी करायचा आणि तिथे जोडायचा. माझ्याकडे येणारी टीमची मुलं तसंच करतात. पुढे गरज पडलीच तर तिसऱ्या वर्षी तिचं तिला कळेल की कशासाठी पाहिजे. आज आपण अंदाजाने १८ हजारांचं कर्ज तिच्या नावावर कशाला काढायचं?

अंबड_टूलरूम

६० ची मर्यादा पक्की असेल तर १६ जीबी आणि एच प्रोसेसर, याला माझीही संमती. ताई, एक चांगला तीन बटणांचा माउस मात्र घ्याच. टचपॅडवर कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) करणाऱ्या मुलांची मनगटं दुखतात आणि वेगही येत नाही.

पिंपळगावची_आई

सगळ्यांचे खूप आभार. टास्क मॅनेजरचं मी वहीत लिहून घेतलं. दादा, अजून दोन विचारते. यांच्या ओळखीच्या एकाने कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप २४ हजारांत देऊ केलाय, चांगल्या मॉडेलचा आहे म्हणतो. आणि आमच्याकडे मळ्यात लाइटीचा खेळ असतो, व्होल्टेज कधी एकदम वाढतं. त्याने नवीन वस्तूला काही होईल का?

दुरुस्ती_सिडको

ताई, कंपनीतून निघालेले जुने लॅपटॉप वाईट नसतात. उलट त्यांच्या बिजागऱ्या नव्या स्वस्त मशीनपेक्षा पक्क्या असतात, सुटे भागही मिळतात. शेजारच्या सरांच्या ३५ हजारांच्या नव्यापेक्षा मी हा आधी घेईन. पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय नको. इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा पाहिजे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि विंडोज ११ त्याच्या आधीच्या पिढ्यांना अधिकृतपणे चालत नाही. दुसरं बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टची आज्ञा (powercfg /batteryreport) द्यायची, फाइल तयार होते. त्यात नवीन असतानाची क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे शेजारी येतात. आजचा आकडा निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या. तुमच्या मुलीसाठी मात्र मी नवाच सांगेन, कारण चार वर्षं काढायचीत, वॉरंटी लागेल आणि तुम्ही पैसे साठवलेले आहेत.

वॉरंटीवरून आठवलं. घेताना विचारा की सर्व्हिस सेंटर नाशकात आहे का, आणि माणूस घरी येतो की आपण न्यायचं. मागच्या मे महिन्यात एका मुलाचं मशीन वॉरंटीत बंद पडलं, पार्ट बाहेरून यायचा होता, बावीस दिवस गेले आणि मधल्या काळात त्याची ओरल (तोंडी परीक्षा) झाली. तो रोज माझ्याकडे येऊन बसायचा आणि माझ्या जुन्या मशीनवर रिपोर्ट टाइप करायचा. मला त्याचं मशीन उघडता येत नव्हतं, वॉरंटी गेली असती.

लाइटीचं: लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बरंच सोसतो, पण मळ्यातल्या लाइनीवर मोटर बंद-चालू होताना जो झटका येतो त्याने अ‍ॅडॉप्टर जळतात. द्राक्षपट्ट्यातून, निफाड-दिंडोरीकडून, माझ्याकडे असे खूप येतात. चांगला सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड लावा आणि विजा व्हायला लागल्या की पिन काढून ठेवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घुसवू नका. अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात. त्या आल्या तर वायरमनला बोलावून आधी अर्थिंग करून घ्या. हे लॅपटॉपपेक्षा मुलीसाठी.

आणि तिला दोन सवयी पहिल्या दिवशीच सांगा. झाकण मध्यभागी धरून उघडायचं. आणि मिटण्याआधी कीबोर्डवर हात फिरवायचा. पेन किंवा इअरबड तसाच राहून झाकण बंद केल्यामुळे फुटलेली स्क्रीन महिन्याला दोन तरी येतात.

पिंपळगावची_आई

दादा, रविवारी घेतला. आधीच्या दुकानात गेलोच नाही, एम. जी. रोडच्या बाजूला दुसरीकडे गेलो. पहिला दाखवला त्यावर १६ जीबीचं स्टिकर होतं. मुलीने स्वतः तीन बटणं दाबली, मेमरीत गेली आणि म्हणाली, “आई, रो ऑफ चिप्स.” दुकानातला मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याला तो शब्द माहीत नव्हता, त्याने आतून मालकांना बोलावलं. मालक मात्र भले माणूस निघाले, त्यांनी स्वतःहून दुसरं मॉडेल काढलं. आय-फाइव्ह १३४२०एच, ८-८ च्या दोन स्टिक, ५१२ जीबी एसएसडी, वजन एक किलो सहाशे. ५७,८०० ला बसला, पक्क्या बिलावर. उरलेल्यात माउस आणि सर्ज बोर्ड आला. बचत गटातून दहाही हजार उचलले.

बिजागरी तुम्ही सांगितल्याप्रमाणे बघितली, तळ अगदी थोडासा उचलला जातो, बोटभरही नाही. चालेल ना? की एकदा आणून दाखवू?

दुरुस्ती_सिडको

एवढं चालतं ताई, नवीन असताना थोडी घट्ट असतेच. वॉरंटीचं वर्ष संपलं की पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजवरून येताना मुलीला एक दिवस सिडकोला वाकडी वाट करायला सांगा. बिजागरीत तेलाचा थेंब घालू, आतली धूळ काढू, आणि तिला स्वतःला तळ उघडून दाखवतो. मेकॅनिकलची आहे, तिला आवडेल.